दुपारी तीनला बंद होणारी लोकशाही

गोंदिया शहराला अगदी लागून असलेल्या कुडव्यात विधानसभेच्या किंवा लोकसभेच्या मतदानाच्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत मत देता येते. मजुराने दिवसभराचे काम आटोपावे, हातपाय धुवावे, आणि सावकाश केंद्रावर जाऊन बोटाला शाई लावून घ्यावी, अशी सोय. पण याच कुडव्यातून निघून देवरी, सालेकसा किंवा अर्जुनी-मोरगावच्या बाजूला गेलो की त्याच जिल्ह्यात, त्याच दिवशी, त्याच संविधानाखाली मतदान दुपारी तीनला बंद होते. तीनच्या ठोक्याला जे रांगेत असतील त्यांना चिठ्ठ्या मिळतात. जे रानातून, बांधावरून यायचे राहिले, ते राहिले. गोंदिया जिल्ह्यात विधानसभेच्या चार जागा. त्यापैकी गोंदिया आणि तिरोडा येथे सहापर्यंत मतदान, आणि अर्जुनी-मोरगाव व आमगाव येथे तीनपर्यंत. यातली अर्जुनी-मोरगावची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आणि आमगावची अनुसूचित जमातींसाठी. म्हणजे घड्याळाचे तीन तास कापले गेले ते नेमके कोणाचे, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही!

हे तीन तास का कापले गेले? उत्तर साधे आहे आणि ते खोटेही नाही. नक्षलवादी हल्ल्याच्या भीतीने. मतदान संपल्यावर यंत्रे, शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक आणि त्यांच्या सोबतचे पोलीस यांना अंधार पडण्याच्या आत सुरक्षित ठिकाणी परत आणायचे असते. जंगलातल्या पायवाटेवर रात्री काय घडू शकते हे पूर्व विदर्भाने रक्त सांडून शिकलेले आहे. म्हणून आम्ही या निर्णयाची टिंगल करणार नाही. परंतु निवडणूक, पोलीस आणि सुरक्षा या तिघांचा तोल सांभाळताना काट्याचे माप प्रत्येक वेळी आमच्याच पारड्यातून का काढले जाते, हा प्रश्न मात्र आम्ही विचारणार आहोत. आणि तो आज विचारण्याला कारण आहे.

प्रथम २००९ सालाकडे पाहू. त्या वर्षी महाराष्ट्रात दोन निवडणुका झाल्या. विदर्भात लोकसभेचे मतदान १६ एप्रिलला आणि राज्यात विधानसभेचे मतदान १३ ऑक्टोबरला. त्याच वर्षी शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात १ फेब्रुवारीला मरकेगाव येथे १५ पोलीस मारले गेले. २१ मे रोजी हत्तीगोटा येथे १६ पोलीस मारले गेले, त्यात ५ महिला शिपाई होत्या. आणि विधानसभेच्या मतदानाला अवघे पाच दिवस उरले असताना, ८ ऑक्टोबरला, भामरागड तालुक्यातल्या लाहेरीजवळ नक्षलवाद्यांनी घात लावून १७ पोलिसांना ठार केले. एकाच वर्षात तीन ठिकाणी मिळून ४८ जण! निवडणुकीवर बहिष्कार टाका, हे नक्षलवाद्यांचे नेहमीचे फर्मान. लाहेरीच्या रक्ताने त्या फर्मानावर शिक्का मारण्याचा तो प्रयत्न होता.

आता विचार करा, अशा वेळी सरकारपुढे, निवडणूक आयोगापुढे आणि पक्षांपुढे कोणते मार्ग असतात? पहिला मार्ग मतदान पुढे ढकलण्याचा. दुसरा, जणू काही घडलेच नाही अशा थाटात प्रचार चालू ठेवण्याचा. तिसरा, थोडे थांबून, मेलेल्यांना मान देऊन, बंदोबस्त नव्याने लावून ठरल्या दिवशी मतदान घेण्याचा. २००९ मध्ये मतदान १३ ऑक्टोबरलाच झाले. आमच्या मते ते योग्यच झाले.

मतदान पुढे ढकलण्याचे परिणाम या देशाने पाहिलेले आहेत. १९९१ साली २१ मे रोजी राजीव गांधी यांची हत्या झाली तेव्हा मतदानाचा पहिला टप्पा आदल्याच दिवशी उरकला होता. उरलेले टप्पे जूनच्या मध्यापर्यंत पुढे नेले गेले. देशाचा माजी पंतप्रधान प्रचारातच मारला जातो, तेव्हा तीन आठवडे थांबणे समजू शकते. पण त्याच जूनमध्ये पंजाबात काय झाले? वीसहून अधिक उमेदवार दहशतवाद्यांनी मारले होते, लुधियानाजवळ रेल्वेगाड्यांतल्या प्रवाशांवर गोळ्या झाडल्या होत्या, आणि मतदानाच्या आदल्या दिवशी निवडणूकच पुढे ढकलली गेली. ती झाली फेब्रुवारी १९९२ मध्ये. अकाली गटांचा बहिष्कार आणि बंदुकीची भीती यामुळे मतदान जेमतेम २४ टक्क्यांच्या घरात. निवडणूक पुढे ढकलल्याने भीती पुढे ढकलली जात नाही. भीती तिथेच बसून राहते, फक्त मतपेटी निघून जाते.

दुसरा मार्ग अविचाराचा. ९ एप्रिल २०१९ रोजी, मतदानाला दोन दिवस उरले असताना, छत्तीसगडच्या दंतेवाड्यात भाजपचे आमदार भीमा मंडावी प्रचारावरून परतताना स्फोटात मारले गेले. त्यांच्यासोबत चार पोलीसही गेले. त्या रस्त्याने जाऊ नये असे त्यांना सांगितले होते, असे पोलिसांनी नंतर सांगितले. एका आदिवासी लोकप्रतिनिधीचा असा अंत व्हावा ही दुःखाची गोष्ट आहे, मग त्याचा पक्ष कोणताही असो. पण त्याचबरोबर हेही खरे की प्रचाराच्या शेवटच्या दिवसांत उमेदवार पोलिसांचे ऐकत नाहीत, आणि त्याची किंमत त्यांच्या गाडीमागे बसलेला शिपाई मोजतो. मंडावी गेले तरी दंतेवाड्यात ११ एप्रिलला मतदान झाले. हाच तिसरा मार्ग, आणि तो जगभर पत्करला गेला आहे. इंग्लंडमध्ये २०१७ साली निवडणुकीच्या ऐन प्रचारात मँचेस्टरला २२ मे रोजी स्फोट होऊन २२ जण ठार झाले. मोठ्या पक्षांनी काही दिवस प्रचार थांबविला. ३ जूनला लंडन ब्रिजवर पुन्हा हल्ला होऊन आठ जण मेले. पुन्हा दिवसभर प्रचार थांबला. तरी मतदान ठरल्याप्रमाणे ८ जूनलाच झाले.

पण मित्रहो, थांबलेला प्रचार पुन्हा सुरू झाला तेव्हा इंग्लंडात कशावर चर्चा झाली, ते पाहण्यासारखे आहे. पंतप्रधान थेरेसा मे या पूर्वी गृहमंत्री होत्या आणि २०१० नंतरच्या काळात पोलिसांची संख्या सुमारे २० हजारांनी घटली होती. विरोधकांनी विचारले, पोलीस कमी कोणी केले? दहशतवादावर गर्जना करणाऱ्यांनी ठाणी रिकामी का केली? याला म्हणतात हल्ल्यानंतरचा प्रचार! स्पेनमध्ये तर मतदानाला तीन दिवस असताना, ११ मार्च २००४ रोजी, माद्रिदच्या रेल्वेगाड्यांत स्फोट झाले आणि १९० हून अधिक माणसे गेली. सरकारने घाईघाईने बास्कांच्या एटा संघटनेकडे बोट दाखविले. ते चुकीचे निघाले. जनतेने १४ मार्चला ते सरकार घरी बसविले. हल्ला झाला म्हणून नव्हे, हल्ल्यानंतर आपल्याशी खोटे बोलले गेले, असे लोकांना वाटले म्हणून.

आमच्याकडे काय होते? २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर हल्ला झाला. ताजमधली गोळीबाराची शेवटची फैर २९ नोव्हेंबरला सकाळी थांबली, आणि त्याच दिवशी दिल्लीत विधानसभेचे मतदान होते. इकडे मुंबईत मृतदेह मोजले जात असतानाच तिकडे वर्तमानपत्रांत रक्ताच्या डागांची पानभर जाहिरात झळकली, की सरकार दुबळे आहे, दहशतवादाशी लढायचे तर भाजपला मत द्या. दिल्लीच्या मतदारांनी त्या जाहिरातीला भीक घातली नाही; तिथे काँग्रेसच पुन्हा निवडून आली. नंतर राजस्थानातही भाजपचे सरकार गेले. मतदार वाटतो तितका भाबडा नसतो. मुंबईत हातात लाठी घेऊन कसाबला मिठी मारणारे तुकाराम ओंबळे हे सहायक पोलीस उपनिरीक्षक होते. जाहिरात देणाऱ्यांना त्यांच्या अंगात त्या रात्री गोळी अडविणारे जाकीट का नव्हते, हे विचारावेसे वाटले नाही.

२०१९ मध्ये हाच प्रकार आणखी मोठ्या प्रमाणावर झाला. १४ फेब्रुवारीला पुलवामा येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान मारले गेले. मार्चमध्ये निवडणूक आयोगाने पक्षांना बजावले की जवानांची छायाचित्रे प्रचारात वापरू नका. आणि ९ एप्रिलला आमच्या लातूर जिल्ह्यातल्या औसा येथे खुद्द पंतप्रधानांनी पहिल्यांदा मत देणाऱ्या तरुणांना आवाहन केले की तुमचे मत बालाकोटच्या वीरांना आणि पुलवामाच्या शहिदांना अर्पण करा. तक्रार झाली. आयोगाने यात काही गैर नाही असे ठरविले, पण तेही तीन आठवड्यांनी, साऱ्या महाराष्ट्राचे मतदान होऊन गेल्यावर! अशा प्रकरणांतल्या काही निर्णयांवर आयुक्त अशोक लवासा यांनी मतभेद नोंदविला, परंतु तो मतभेद जाहीर केला गेला नाही. आचारसंहिता गावच्या सरपंचाच्या फलकावर चिकटपट्टी लावते आणि मोठ्या व्यासपीठापुढे हात जोडते, असे कोणी म्हटले तर आयोगाकडे त्याला काय उत्तर आहे?

१० नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्लीत लाल किल्ल्याजवळ स्फोट झाला तेव्हा दुसऱ्याच दिवशी बिहारमध्ये दुसऱ्या टप्प्याचे मतदान होते. ते मतदान झाले, लोक मोठ्या संख्येने बाहेर पडले. लोक घाबरत नाहीत. लोकांच्या धैर्याचा गैरवापर होतो, हीच तक्रार आहे.

येथे आमची भूमिका नीट समजून घ्यावी. हल्ल्यानंतर सुरक्षेवर बोलूच नये, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. काही सज्जन असे सांगतात की हल्ल्याचे राजकारण करू नका. आम्ही म्हणतो, शहिदाच्या फोटोचे राजकारण करू नका, पण शहीद का झाला याचे राजकारण जरूर करा! ते नाही केले तर उद्याही तोच मरेल. १ मे २०१९, महाराष्ट्र दिन. गडचिरोलीतले मतदान ११ एप्रिलला उरकले होते. प्रचाराचे फड मुंबईहूनही उठले होते. त्या दिवशी कुरखेडा तालुक्यात जांभूळखेड्याजवळ सुरुंगाच्या स्फोटात शीघ्र कृती दलाचे १५ जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक ठार झाले. आदल्या रात्री नक्षलवाद्यांनी रस्त्याच्या कामावरची वाहने जाळली होती, म्हणून हे जवान तिकडे निघाले होते. कशातून? खासगी वाहनातून! सुरुंगाच्या वाटेवर खासगी वाहन. ज्या निवडणुकीत पुलवामाच्या नावाने राज्यभर टाळ्या घेतल्या गेल्या, तिच्याच काळात आमच्या जवानांना साधे सुरक्षित वाहन मिळत नव्हते. औशाच्या सभेत टाळ्या वाजविणाऱ्यांना कोणी हे सांगितले काय? जांभूळखेड्याच्या चालकाचे कुटुंब कोणत्या शहीद-यादीत बसते, असा प्रश्न कोणत्या पक्षाच्या जाहीरनाम्यात आला?

पोलीस म्हणजे कोण, याचाही विचार आमच्या चळवळीने थंड डोक्याने करायला हवा. ठाण्यात आमची तक्रार न घेणारा पोलीस आम्हाला ठाऊक आहे. त्याच्याविषयी आमच्या मनात राग आहे, आणि तो रास्त आहे. पण जंगलातल्या सशस्त्र दूरक्षेत्रात महिनोन्‌महिने पत्र्याखाली राहणारा, मलेरियाने फणफणणारा आणि निवडणुकीच्या दिवशी मतपेटीच्या पुढे चालत वाट तपासणारा शिपाईही पोलीसच आहे. तो बहुधा शेतकऱ्याचा, मजुराचा, आदिवासीचा, आमच्याच वस्तीतला मुलगा असतो. त्याच्यावर बंदूक रोखणाराही अनेकदा तशाच झोपडीतून आलेला असतो. दोघांच्या मरणावर भाषणे करणारे मात्र तिसरेच असतात!

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत स्पष्ट बजावले होते की संविधानाचे मार्ग उपलब्ध असताना रक्तपाताचे मार्ग आपण सोडले पाहिजेत. नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूला बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करतानाही त्यांनी साधनांच्या शुद्धतेवरच बोट ठेवले. त्यामुळे बंदुकीच्या मार्गाला आंबेडकरी चळवळीचा पाठिंबा नव्हता, नाही आणि असणार नाही. मतपेटीवर बहिष्कार घाला असे आम्हाला सांगणारा कोणीही असो, लाल झेंड्याचा असो की आणखी कोणत्या, तो आमच्या हातातले एकमेव शस्त्र काढून घेऊ पाहतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना चावडीवर उभे राहू दिले नाही, त्यांना मतदान केंद्रावर उभे राहण्याचा अधिकार बाबासाहेबांनी मिळवून दिला. तो कोणाच्या फर्मानाने सोडण्यासाठी नव्हे.

परंतु हे इतके स्वच्छ असूनही हल्ल्यानंतर संशयाची सुई आमच्याकडे कशी वळते, ते पाहा. २९ सप्टेंबर २००६ रोजी आमच्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यात खैरलांजी घडले. भोतमांगे कुटुंबातल्या चार जणांची हत्या झाली. राज्यभर लोक रस्त्यावर आले. तेव्हा तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी या आंदोलनामागे नक्षलवाद्यांचा हात असू शकतो, असा संशय बोलून दाखविला. आई-मुलीची विटंबना पाहून पेटलेल्या समाजाला नक्षलवादी ठरविले! पुढे हेच आर. आर. पाटील मुंबईवरील हल्ल्यानंतर पायउतार झाले, आणि २००९ च्या निवडणुकीनंतर पुन्हा गृहमंत्री झाले व गडचिरोलीचे पालकमंत्रिपदही त्यांनी स्वीकारले. त्यांनी त्या जिल्ह्याकडे लक्ष दिले हे मान्य करू. पण खैरलांजीच्या मोर्चेकऱ्यांवर लागलेला तो डाग कोणी पुसला?

आणि हे केवळ शब्दांपुरते राहिले नाही. ‘विद्रोही’चे संपादक सुधीर ढवळे यांना २ जानेवारी २०११ रोजी वर्ध्यात अटक झाली. ते साहित्य संमेलनातून परतत होते. प्रकरण आमच्या गोंदिया जिल्ह्याच्या पोलिसांचे. देशद्रोह, बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा, सगळी कलमे लागली. ४० महिने तुरुंगात काढल्यावर मे २०१४ मध्ये गोंदियाच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. पुढे जून २०१८ मध्ये भीमा कोरेगाव प्रकरणात त्यांना पुन्हा अटक झाली आणि जामीन मिळायला जानेवारी २०२५ उजाडला. त्यांच्या सर्व विचारांशी आम्ही सहमत असू वा नसू, तो येथे मुद्दा नाही. मुद्दा असा की ज्याच्यावरचा आरोप न्यायालयात टिकला नाही, त्याचे ४० महिने कोण परत देणार? मालेगावच्या ८ सप्टेंबर २००६ च्या स्फोटात पकडलेले मुस्लिम तरुण २०१६ मध्ये आरोपमुक्त झाले. त्यांची दहा वर्षे कोणी दिली? चुकीचा माणूस पकडला की खरा गुन्हेगार मोकळा राहतो, आणि सुरक्षा आणखी कमी होते. हे सुरक्षेचेच गणित आहे, दयेचे नव्हे.

आता आज हा विषय का, ते सांगतो. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी गडचिरोलीत माओवाद्यांचा बडा नेता भूपती याने साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. नोव्हेंबरच्या अखेरीस आमच्या गोंदियात ११ जणांनी आत्मसमर्पण केले. केंद्र सरकारने नक्षलवाद संपविण्यासाठी ३१ मार्च २०२६ ही मुदत जाहीर केली होती. सरकार म्हणते, नक्षलवाद संपत आला. चांगली गोष्ट आहे! आम्ही स्वागत करतो. पण मग आमचा हिशेब चुकता करा. एकीकडे नक्षलवाद संपत आल्याचे नगारे वाजतात, आणि दुसरीकडे जुलै २०२५ मध्ये विशेष जनसुरक्षा विधेयक विधिमंडळात मंजूर होते. रोग बरा होत असताना औषधाचा डोस का वाढतो? आणि भीती सरली असेल, तर अर्जुनी-मोरगाव आणि आमगावचे तीन तास परत कधी मिळणार?

काहीजण म्हणतील, तीन तासांनी काय बिघडते? गडचिरोली-चिमूर मतदारसंघात २०१९ आणि २०२४ च्या लोकसभेला सुमारे ७२ टक्के मतदान झाले, तर सहापर्यंत दार उघडे असलेल्या दक्षिण मुंबईत २०२४ ला ५० टक्क्यांच्या आसपास. मग तक्रार कसली? हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे, पण तो उलटा आहे. बंदूक, जंगल, अंतर आणि अर्धवट वेळ एवढे सगळे सोसून जे लोक मत देतात, त्यांना पूर्ण वेळ मिळाला तर किती देतील? उपाशी माणूस जोरात धावला म्हणून त्याची भाकरी कापायची नसते. आणि वेळ कोणत्या दिवसांत कापली जाते तेही पाहा. १९ एप्रिल २०२४ ला लोकसभेचे मतदान होते, म्हणजे मोहफुलांचे दिवस. पहाटेच बाया टोपल्या घेऊन रानात जातात, कारण फुले पहाटे पडतात. घरी परतून चूल, मुले, पाणी होईतो दुपार. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचे मतदान, म्हणजे धान कापणीचे दिवस. मजुरी बुडविली तर घरात काय शिजेल? सुट्टीचा कायदा कारखान्याला लागतो, बांधावर तो कोण पाळतो? शहरातला बाबू तीनला मत देऊ शकतो. धान कापणारी आमची माउली तीनला अजून वाकलेलीच असते.

यास्तव आमच्या मागण्या साध्या आणि सरळ आहेत. वेळ कमी करायचीच असेल तर ती सबंध मतदारसंघाची करू नका. ज्या केंद्राला खरोखर धोका आहे त्या केंद्रापुरती करा, त्याची कारणे निवडणुकीपूर्वी जाहीर करा, आणि प्रत्येक निवडणुकीला नव्याने तपासा. जिथे वेळ कमी, तिथे केंद्र जवळ आणा. तीन तास घेता तर तीन कोस तरी वाचवा! दुसरे, प्रचाराच्या काळात हल्ला झाला तर किती काळ थांबायचे हे सर्व उमेदवारांना, अपक्ष आणि छोट्या पक्षांनाही, समोर बसवून ठरवा. कारण सुरक्षेच्या नावाने सभा आणि फेऱ्या बंद केल्या की हेलिकॉप्टरवाल्याचे काही अडत नाही. तो वरून येतो, टीव्हीवर दिसतो. अडते ते सायकलवरून, ऑटोवरून गावोगाव फिरणाऱ्या आमच्या उमेदवाराचे. बंदी सर्वांना सारखी दिसते, पण ती एकाच्याच पायात बेडी होते. तिसरे, शहिदांच्या नावाने मते मागितल्याच्या तक्रारीचा निकाल मतदानापूर्वी लागला पाहिजे आणि प्रत्येक आयुक्ताचे मत लोकांना कळले पाहिजे.

चौथी गोष्ट पोलीस ठाण्यांची. निवडणूक लागली की ठाण्यातला निम्मा-शिम्मा फौजफाटा बंदोबस्ताला जातो. आम्ही स्वतः एका ठाण्याच्या पायरीवर अत्याचाराची तक्रार घेऊन आलेल्या कुटुंबासोबत दिवसभर बसलो आहोत. साहेब बंदोबस्तात आहेत, निवडणूक झाल्यावर या, एवढेच उत्तर. नेत्याच्या सभेला शंभर पोलीस आणि मार खाल्लेल्या माणसाला एकही नाही, ही कसली सुरक्षा? निवडणूक काळातही प्रत्येक ठाण्यात ॲट्रॉसिटीची तक्रार घेणारा आणि तपास करणारा अधिकारी जागेवर असला पाहिजे. निवडणुकीत गावगुंडांचे हात अधिक मोकळे होतात, कमी नव्हे.

आणि शेवटी थोडे आमच्याच घरातले. आमच्या काही नेत्यांना बंदूकधारी पोलीस मागे असला की मोठेपण वाटते. गट लहान होत जातो आणि संरक्षणाची मागणी वाढत जाते! ज्याला खरोखर धोका आहे त्याला संरक्षण मिळावे, त्यासाठी आम्ही भांडू. पण मिरविण्यासाठी घेतलेला एक शिपाई म्हणजे एखाद्या ठाण्यातून, एखाद्या वस्तीवरून काढून घेतलेला एक शिपाई, हे त्यांनी ध्यानात ठेवावे.

हा कुडवा, ही देवरी, हे अर्जुनी-मोरगाव १ मे १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातच होते. याच भंडाऱ्यातून १९५४ साली बाबासाहेब लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे होते. त्या काळी दोन सदस्यांचा मतदारसंघ होता आणि मतदाराला दोन मते होती. आपले दुसरे मत कुणालाच न देता कुजवावे, म्हणजे बाबासाहेबांचा विजय सोपा होईल, असा सल्ला काही कार्यकर्त्यांनी दिल्याची हकिकत आमच्या चळवळीत आजवर सांगितली जाते. बाबासाहेबांनी तो मानला नाही. संविधान लिहिणाऱ्याने मत वाया घालवायला सांगावे, हे त्यांना पटले नाही. ते पराभूत झाले, पण एकही मत त्यांनी कुजू दिले नाही.

ज्या मातीत बाबासाहेबांनी हार पत्करली पण मत कुजविले नाही, त्याच मातीत आज घड्याळाच्या काट्याने मते कुजतात. कधी बंदुकीच्या भीतीने, कधी बंदोबस्ताच्या नावाने. बंदुकीवाल्यांना आम्ही सांगतो, आमच्या मताच्या आड येऊ नका. आणि सरकारला सांगतो, भीती संपली म्हणता ना? मग पुढच्या निवडणुकीत देवरीच्या केंद्राचे दारही कुडव्याच्या दाराइतकेच, संध्याकाळी सहापर्यंत उघडे ठेवा. कुडव्याच्या मतदारांनीही स्वतःचे मत सुखाने दिल्यावर शेजारच्या तालुक्यासाठी ही मागणी लावून धरावी. एकाचे मत पूर्ण आणि दुसऱ्याचे अर्धे, हे एक व्यक्ती एक मूल्याच्या संविधानात चालणार नाही.

जयभीम!